खुर्चीमागची जागा

१

“रविवारी खाली जेवायला गेलं की त्या खुर्चीमागे उभं राहायचं. खुर्चीच्या पाठीवर उजवा हात ठेवायचा. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत तो काढायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही.”

ऊर्मिलामामीने हे मला कुकरची रिंग बसवता बसवता सांगितलं, मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तसं.

“त्या खुर्चीत कोण बसतं?”

“कोणी नाही.”

“मग उभं कोणासाठी राहायचं?”

“शिवांगी, विचारायचं नाही म्हटलं ना आत्ताच.”

२०१५च्या शरदात मी स्टुटगार्टला मास्टर्स करायला आले. होस्टेलच्या रांगेत माझा नंबर लागेना, म्हणून जवळच गेर्लिंगेनमध्ये नागेशमामाच्या घरी, छपराखालच्या खोलीत राहिले. मामा टेकडीवरच्या मोठ्या कंपनीत इंजिनियर. घर मात्र त्याचं नव्हतं. तळमजल्यावर मालकीणबाई राहायच्या, फ्राउ हार्टलीब. वय पंच्याऐंशीच्या आसपास, पाठ ताठ, गळ्यात मोत्यांचा सर.

या बाईंच्या उपकारांची गोष्ट मला पाठ होती. सन शहाण्णवमध्ये मामा नवीन लग्न करून इथे आला, तेव्हा फोनवर आडनाव सांगितलं की प्रत्येक घर आधीच कोणाला तरी दिलेलं असायचं. एकट्या फ्राउ हार्टलीबनी भेटायला बोलावलं. त्यांनी ना पगार विचारला, ना व्हिसा. एकच प्रश्न विचारला, “तुम्हाला भात करता येतो ना?”

मामा ही गोष्ट सांगताना दर वेळी हसायचा. “भातावर घर मिळालेला मी पहिला माणूस!”

मीही हसायचे. मला खरंच या लोकांबद्दल कृतज्ञता होती, आजही आहे. मामा विमानतळावर जाड जॅकेट घेऊन उभा होता. अनमेल्डुंगसाठी, म्हणजे पत्ता नोंदवायला, त्याने सुट्टी काढली. मामी रोज सकाळी माझ्या डब्यात दोन पोळ्या जास्त ठेवायची आणि ‘चुकून झाल्या’ म्हणायची. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ती कुबड्यांवर होती. रविवारी तिला उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून काही दिवस मी. जेवणभर उभं राहिल्याने माझं काय झिजणार होतं?

२

जेवणाची खोली बागेच्या बाजूला होती. भर दुपारीही तिथे उजेड दारापाशीच रेंगाळायचा. लांब टेबल, आणि टोकाला ती खुर्ची, उंच पाठीची, काळसर कातड्याची, कडेने पितळी खिळे ठोकलेली. तिच्यासमोर ताट, सुरी, काटा मांडलेले आणि भाताचा एक वाडगा. भात मामीचा. दर रविवारी तो मामीचाच लागायचा. बाकीच्यांना श्पेट्झ्ले, म्हणजे इथल्या जाड शेवया, आणि बटाट्याचं सॅलड.

खुर्चीच्या बरोबर समोर, पलीकडच्या भिंतीवर, तैलचित्र होतं. याच खुर्चीत बसलेला एक माणूस, लाल चेहरा, निळा कोट, मांडीवर तलवार. त्याच्यामागे नुसता काळा रंग.

मी जागेवर गेले, आणि माझे बूट आपोआप बसले. फळ्यांमध्ये दोन उथळ खळगे होते, पावलांएवढे. माझ्या मापापेक्षा थोडे रुंद. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

कातडं ऊबदार होतं.

हीटरजवळ असेल, मी मनाशी म्हटलं. हीटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता.

“आल्झो,” म्हणजे ‘तर मग’ म्हणत फ्राउ हार्टलीबनी सूप संपवून ओठ टिपले, आणि घराण्याची गोष्ट सुरू झाली. ती दर रविवारी व्हायची, आपल्याकडे आरती व्हावी तशी, न चुकता आणि त्याच शब्दांत. चित्रातला माणूस म्हणजे योहान उलरिश हार्टलीब. याच गावातल्या पाववाल्याचा मुलगा. अठराव्या शतकात जहाजाने अमेरिकेला गेला, कॅरोलायनात. दलदलीत बांध घालून त्याने भात पिकवला, नीळ पिकवली. शेकडो एकर जमीन केली. पुढे तिथल्या नागरी फौजेचा कॅप्टन झाला. घोड्यावर बसून माणसं घेऊन दलदल पिंजून काढायचा.

“कशासाठी?” मी मागून विचारलं.

काटे थांबले. फ्राउ हार्टलीबनी मामाकडे बघून उत्तर दिलं, जणू प्रश्न त्याने विचारला होता. “पळून गेलेल्यांना आणायला.”

“कोण पळून गेलेले? भात पिकवणारे गुलाम?”

“शिवांगी,” मामा मराठीत म्हणाला, “दोन घास सुखाने खाऊ दे.”

“मी कुठे खातेय? मी उभी आहे.”

मामी खाली मान घालून हसली. बाईंनी गोष्ट पुढे नेली. म्हातारपणी कॅप्टन तिथलं सगळं विकून परत आला. सोबत ही खुर्ची आणली, हे चित्र आणलं. “आणि बाकी घरातलं काही,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात माझ्या हाताखालची खुर्ची कुरकुरली. लाकूड थंडीने आवाज करतं, हे मी शाळेत शिकलेय. पण तो आवाज लांबत गेला, आधी डावीकडून, मग उजवीकडून. जेवून तृप्त झालेला माणूस जरा सैलावून बसावा तसा.

३

दिवाळीत मामाने माझ्या नव्या फोनवर सगळ्यांचा फोटो काढायचं ठरवलं. फ्राउ हार्टलीबनी आपली खोली दिली, पणत्या लावू दिल्या. बाईंना पणत्या फार आवडल्या. त्यांनी मामीच्या साडीचा काठ हातात धरून किती तरी वेळ बघितला, मामीच्या चेहऱ्याकडे मात्र एकदाही नाही.

मामा नेम धरत होता. “अगं, हे पिवळे चौकोन कसले?”

“चेहरा दिसला की फोन चौकोन काढतो,” मी म्हटलं. “दे इकडे.”

बाई आणि मामी चित्राखाली बसल्या होत्या. पडद्यावर एक चौकोन बाईंच्या चेहऱ्यावर होता. एक वर, कॅप्टनच्या लाल चेहऱ्यावर. आणि एक त्याच्या मागे, काळ्या रंगावर, माणूस उभा असेल तर डोकं येईल तितक्या उंचीवर. तो चौकोन किंचित थरथरत होता, जिवंत चेहऱ्यावर थरथरतो तसा.

मामीवर चौकोन नव्हता.

मी फोन हलवला, तिला पणतीजवळ घेतलं, हसायला लावलं. कुबड्या बाजूला ठेवल्या. फोनने तिला पाहिलंच नाही. फोटोत ती होती, पण धूसर, कोणीतरी मधून चालत गेल्यासारखी.

“सॉफ्टवेअर गोऱ्या चेहऱ्यांवर शिकवलेलं असतं,” मी म्हटलं. हे खरंही आहे, आम्हाला त्यावर लेक्चर झालं होतं. पण मग माझ्या आणि मामाच्या चेहऱ्यावर चौकोन कसे येत होते?

मी चित्राजवळ गेले. जवळून पाहिल्यावर कळलं, तो काळा रंग नंतर लावलेला होता, जाड थराचा. आणि ज्याने लावला त्याच्याकडून खुर्चीच्या पाठीचा वरचा काठ राहून गेला होता. तिथे चार बोटं होती. तपकिरी, नीट रंगवलेली, टोकाशी फिकट नखं.

“इथे कोण होतं?” मी विचारलं.

फ्राउ हार्टलीब पणतीची वात न्याहाळत होत्या. “पाहुणे सारखं विचारायचे. माझ्या आजीने रंगवून घेतलं.”

“हो, पण कोण?”

“कोणी नाही,” बाई म्हणाल्या. “उभी राहणारी.”

४

जर्मनीत आपल्याकडे कोणी दुर्लक्ष केलं तर मला लगेच कारण सुचतं, आणि ते कारण बहुतेक वेळा बरोबर असतं. त्यामुळे बेकरीतली बाई माझ्या डोक्यावरून मागच्या माणसाला “काय देऊ?” म्हणाली, तेव्हा मी भांडले. बसवाल्याने माझ्या तोंडावर दार लावलं, तेव्हा मी दारावर थापा मारल्या. मला राग आला की मी नीट जर्मन बोलते, ते बरं आहे. पण बेकरीतल्या बाईने दचकून हात छातीशी नेला. “मी तुम्हाला पाहिलंच नाही,” ती म्हणाली. तिचा चेहरा उर्मट नव्हता, घाबरलेला होता.

त्याच आठवड्यात मी मामीला सुपरमार्केटला घेऊन गेले. मी सायकल लावत होते, ती कुबड्या टेकत पुढे गेली. मी वळून बघितलं तर ती सरकत्या काचेच्या दारासमोर उभी होती. दार बंद. ती अगदी जवळ गेली. दार बंदच. मग ती सवयीने एका बाजूला सरकली आणि शांतपणे उभी राहिली. एक आजोबा ट्रॉली घेऊन आले, दार उघडलं, त्यांच्या मागोमाग मामी आत गेली.

मी धावत तिला गाठलं. “हे दार तुझ्यासाठी उघडत नाही?”

“नाही गं. इथलं नाही, स्टेशनवरचंही नाही.”

“कधीपासून?”

“झाली की बरीच वर्षं.” ती कोथिंबीर निवडत होती. “सवय होते. कोणी ना कोणी येतंच मागून.”

“मामी, दार उघडत नाही आणि तू कोणाला सांगितलं नाहीस?”

“सांगून काय सांगू? मामा म्हणाले, तू बुटकी आहेस.” ती हसली. मग कोथिंबीर हातात तशीच धरून थांबली. “तुझं कुठलं?”

“काय कुठलं?”

“दार.”

आदल्या दिवसापासून घराच्या जिन्यातला आपोआप लागणारा दिवा माझ्यासाठी लागत नव्हता. बल्ब गेला असेल, असं मी ठरवलं होतं. मामा जिना चढताना तो लागताना मी स्वतः पाहिला होता, तरीही.

५

त्या संध्याकाळी मामीने पाय शेकत मला पहिल्या रविवारची गोष्ट सांगितली. मामाने कधीच न सांगितलेली.

“मी नवीन होते. मोठ्यांच्या पंक्तीत एकदम कशी बसू? घरी आमच्या सासूबाईंच्या समोर नवीन सून आधी वाढायची, हवं-नको बघायची, मग बसायची. म्हणून मी आपली उभी राहिले वाढायला. योगायोगाने त्याच खुर्चीमागे, पाठीवर हात ठेवून. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘तुला कोणी सांगितलं?’ म्हणाल्या. मला जर्मन कुठे येत होतं? मी हसले. त्यांना वाटलं, ही हो म्हणाली.”

“आणि मग?”

“मग दर रविवारी. आपल्याला घर दिलं त्यांनी, शिवांगी. माझं पोट दुसऱ्यांदा पडलं तेव्हा हॉस्पिटलात माझ्याजवळ त्याच बसल्या होत्या. तेवढं उभं राहिलं तर काय बिघडलं?”

मी तिच्याकडे पाहिलं. दिव्याच्या उजेडात तिच्या खुर्चीची सावली भिंतीवर पडली होती, कुबड्यांची पडली होती. तिची पडली होती की नाही, हे मी बघायचं टाळलं. शिकलेली मुलगी मी. मला मोजून बघायला हवं होतं, पण माझी हिंमत झाली नाही.

“मामी, तिथे उभं असताना तुला काही जाणवतं?”

तिने शेकायची पिशवी बाजूला ठेवली.

“हात,” ती म्हणाली. “कधी कधी. माझ्या हातावर.”

“थंड?”

“छे गं. खरखरीत. कामाचा हात. आधी मी फार घाबरायचे. वाटायचं, धरून ठेवतेय मला.” तिने स्वतःची बोटं उलटसुलट करून पाहिली. “पण ती धरत नाही. एकेक बोट उचलायला बघते. करंगळीपासून. मीच परत ठेवते. हात काढायचा नाही म्हटलंय ना.”

पुढच्या रविवारी मी वाट बघत उभी राहिले. घराण्याची गोष्ट दलदलीपर्यंत आली. हाताखालचं कातडं श्वास घेतल्यासारखं किंचित फुगून बसलं. आणि माझ्या करंगळीखाली काहीतरी सरकलं. मी ओरडणार होते, पण ओरडले नाही. ते बोट, बोटच होतं ते, माझ्या करंगळीला हळूच वर ढकलत होतं. चिखलात रुतलेल्याचा पाय सोडवावा तसं. घाई होती, पण दुखवत नव्हतं.

जा, असं म्हणत होतं. जा ना, मुली.

माझे डोळे भरून आले. इतक्या आठवड्यांत त्या खोलीत मी उभी आहे, हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं.

६

नाताळाआधीच्या ॲडव्हेंटच्या रविवारी टेबलावर मेणबत्त्या होत्या. मामीचा भात वाफाळत होता. मामी मामाशेजारी बसली होती, मी माझ्या खळग्यांमध्ये. जेवण संपत आलं तसं फ्राउ हार्टलीबनी ग्लासवर चमचा वाजवला.

“माझ्यामागे कोणी नाही,” त्या मामाला म्हणाल्या. “हे घर मी तुम्हाला देणार आहे. वकिलांशी बोलणं झालंय. माझी एकच इच्छा आहे. ही जागा रिकामी राहता कामा नये. तुमच्या बायकोचा पाय आता गेला. ही मुलगी चांगली उभी राहते. तिने शब्द द्यावा.”

मामाच्या हातातला नॅपकिन खाली पडला. एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या घरात दबक्या पावलांनी चाललेला माझा मामा. त्याने दोन्ही हात जोडले, मग जर्मनीत कोणी हात जोडत नाही हे आठवून सोडले, मग परत जोडले.

“शिवांगी, हो म्हण,” तो म्हणाला. “डिग्री झाली तरी इथेच राहायचंय तुला. रविवारचा तर प्रश्न. हो म्हण, बाळा.”

“मामा, काय मागतायत त्या, कळतंय तुला?”

“काय मागतायत? मान मागतायत! ज्या बाईने आपल्याला छत दिलं, तिच्यासाठी एवढं होत नाही? तुम्हा पोरांना उपकाराची किंमतच नाही. तुझ्या मामीने कधी एका शब्दाने...” तो आनंदाने वळला. “ऊर्मिला, ऐकलंस का? घर आपलं झालं! ऊर्मिला?”

त्याने दाराकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे.

“कुठे गेली ही? आत्ता तर इथे होती.”

मामी त्याच्या डाव्या कोपराला लागून बसली होती.

“अहो,” ती म्हणाली.

त्याला ऐकू आलं नाही. तो मान उंच करून तिला शोधत होता. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून गेली, खिडकीच्या काचेवरून जाते तशी, आणि पलीकडच्या भिंतीवर टेकली. “अहो, मी इथे आहे,” मामी पुन्हा म्हणाली, आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत तक्रार नव्हती, तेच मला सहन झालं नाही.

माझ्या हातावर तो खरखरीत हात होता. करंगळी उचलली गेली. मी परत ठेवली नाही. मग दुसरं बोट. मग सगळा हात.

खुर्ची जोरात कुरकुरली. कोणीतरी मागे वळून बघावं तशी.

“मामा,” मी म्हटलं, “तू मला विमानतळावर जॅकेट घातलंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. फ्राउ हार्टलीब, तुम्ही माझ्या मामीजवळ हॉस्पिटलात बसलात, त्यासाठी मी तुमचे मनापासून आभार मानते. खरंच. पण मी उभी राहणार नाही. आज नाही, कधीच नाही. आणि मामीही नाही.” मी खळग्यांमधून पाय काढला. “घर नको आम्हाला.”

“शिवांगी!” मामा ओरडला.

मी टेबलाला वळसा घालून मामीपाशी गेले आणि तिचा हात हातात घेतला. तो ऊबदार होता, तिचाच होता. मामाचा हात ओढून मी त्यावर ठेवला. तो दचकला, त्याने खाली बघितलं, मग वर, सरळ तिच्या चेहऱ्याकडे.

एक गोष्ट अजून राहिली होती. मी तो भाताचा वाडगा कॅप्टनच्या ताटासमोरून उचलला. मामीच्या दुसऱ्या बाजूची रिकामी, साधी खुर्ची बाहेर ओढली. वाडगा तिच्यापुढे ठेवला. आपल्या घरी आलेल्या मोठ्या माणसाला म्हणतात तसं, मराठीतच म्हटलं,

“बसा. तुम्ही जेवून घ्या आधी.”

मी चित्राकडे एकदाच पाहिलं. कॅप्टन होता, तलवार होती, काळा रंग होता. खुर्चीच्या काठावर बोटं नव्हती.

साध्या खुर्चीचा वेत हळूच वाजला, फार दिवसांनी कोणी टेकावं तसा.

आणि फ्राउ हार्टलीब, ज्यांची गोष्ट कुठल्याच रविवारी अडली नव्हती, त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आला नाही.